मॅपवर हिरवं होतं, तरी ड्रोन जप्त झाला : एका हौशी पोराचं प्रकरण

हे प्रकरण मी जवळून बघितलंय. ड्रोन उडवणाऱ्या हौशी लोकांचा आमचा एक ग्रुप आहे पुण्यात, त्यातल्या एका मुलाचं हे झालं. त्याच्या परवानगीने लिहितोय. नावं बदललीत, गाव आणि जिल्हा मुद्दाम सांगत नाही, बाकी जसं घडलं तसं आहे. कायद्याच्या गोष्टी ज्या वकिलांनी समजावल्या आणि मी स्वतः वाचल्या तेवढ्याच लिहिल्यात.

पार्श्वभूमी

सागर, वय २४, तलाठी भरतीची तयारी करणारा. फोटोग्राफीचं वेड. त्याने २०२४ च्या मे महिन्यात एक सेकंडहँड ड्रोन घेतला, २४९ ग्रॅमचा, म्हणजे नियमांच्या भाषेत 'नॅनो'. ऑनलाइन जाहिरात बघून घेतलेला, पैसे यूपीआयने दिले, बिल नाही. विकणारा म्हणाला होता की २५० ग्रॅमच्या आत आहे त्यामुळे काहीच लागत नाही बिनधास्त उडव, आणि खरं सांगायचं तर आमच्या ग्रुपमध्ये पण तेव्हा सगळे हेच बोलायचो, मी स्वतः त्याला तेच सांगितलं होतं, म्हणून हे लिहायची जबाबदारी माझ्यावर जास्त आहे असं मला वाटतं.

आता नियम काय आहेत ते आधी बघू. सध्या लागू आहेत ते ड्रोन नियम २०२१, २५ ऑगस्ट २०२१ ला आलेले. वजनावरून पाच वर्ग आहेत: २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यावर २ किलोपर्यंत मायक्रो, मग स्मॉल २५ किलोपर्यंत, मीडियम १५० किलोपर्यंत आणि त्यावर लार्ज. नॅनोला सूट आहे हे खरं, पण कशाकशातून ते नीट वाचायला हवं. रिमोट पायलट सर्टिफिकेट, म्हणजे उडवणाऱ्याचा परवाना, लागत नाही (हौशी वापराच्या मायक्रोला पण लागत नाही), टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलला मिळणारी मान्यता, लागत नाही, थर्ड पार्टी इन्शुरन्स लागत नाही. पण नोंदणी, म्हणजे तो युनिक आयडी नंबर, यातून नॅनो सुटलेला नाही. आणि कुठे उडवायचं कुठे नाही या झोनच्या नियमातून तर कुणीच सुटलेलं नाही, खेळण्याएवढा असला तरी.

झोन तीन. हिरव्यात ४०० फूट म्हणजे १२० मीटरपर्यंत आगाऊ परवानगी न घेता उडवता येतं. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हीच मर्यादा २०० फुटांवर येते, त्याच्या वर पिवळा. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. लाल म्हणजे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय अजिबात नाही. हे सगळं डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या मॅपवर दिसतं. पुण्यात राहणाऱ्याला हा मॅप उघडला की वाईटच वाटतं, लोहगावला हवाई दलाचा तळ, बाकी लष्कराच्या जागा, त्यामुळे हौशी माणूस आपोआप शहराबाहेर जातो. सागर पण तसाच बाहेर गेला.

त्या पावसाळ्यात गावागावात काय चाललं होतं

हे समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. २०२४ च्या जून-जुलैमध्ये पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडे आणि मराठवाड्यात बऱ्याच गावांमध्ये रात्री ड्रोन फिरतात, टेहळणी करून चोऱ्या करतात अशी बोलणी सुरू होती. लोक झोपत नव्हते, पोरं काठ्या घेऊन गस्त घालत होती, व्हॉट्सॲपवर रोज नवीन व्हिडिओ. शहरात बसून हसणं सोपं आहे पण वस्तीवर एकटं घर असलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर रात्री दहा वाजता लाल-हिरवा दिवा घोंगावत असेल आणि कोण उडवतंय हे कळत नसेल तर भीती वाटणारच.

ज्या जिल्ह्यात सागर गेला तिथे जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघालेला होता, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली (जुनं १४४, १ जुलै २०२४ पासून नंबर बदलला), की पूर्वपरवानगीशिवाय ड्रोन उडवायचा नाही. असा आदेश दोन महिन्यांपर्यंत चालतो आणि परत नवीन काढता येतो. मुंबईत पोलीस आयुक्तालय ड्रोन, पॅराग्लायडर वगैरेंसाठी असे ३०-३० दिवसांचे आदेश काढतच असतं, त्यामुळे मुंबईकरांना ही भानगड थोडीफार माहीत असते. जिल्ह्यात कुणाला पत्ता नसतो.

नेमकं काय झालं

ऑगस्टमधला शनिवार. सागर आणि त्याचा मित्र नितीन बाइकवर गेले, डोंगराच्या पायथ्याचं गाव, ओढ्यावर एक जुना बंधारा, भरून वाहत होता. सागरने नऊ दिवस आधी मॅप बघितला होता, हिरवं, स्क्रीनशॉट काढून ठेवला होता. दुपारी पोचले तर पाऊस. वाट बघत बसले. सव्वासहाच्या सुमारास ढग पांगले आणि पिवळा उजेड पडला, फोटो काढणाऱ्याला कळेल त्या उजेडाचं काय असतं ते. तरी एका टपरीवर चहा घेण्यात आणि चिखलातून शेताच्या बांधावर जाण्यात वेळ गेला, ड्रोन वर गेला तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती. म्हणजे उजेड संपता संपता आणि दिवे लांबून स्पष्ट दिसतील अशा वेळी.

पाच-सहा मिनिटांत वस्तीकडून आरडाओरडा सुरू झाला. दहा-बारा जण बॅटऱ्या आणि काठ्या घेऊन येताना दिसले. नितीनने बाइकला किक मारली, म्हणाला ड्रोन सोड आणि चल. सागरने रिटर्न टू होमचं बटण दाबलं आणि जागेवर उभा राहिला. ड्रोन सगळ्यांच्या डोळ्यादेखत त्याच्यासमोर येऊन उतरला.

ढकलाढकली झाली, एकाने कानफटात मारली, मग गावचे पोलीस पाटील आले आणि त्यांनी सगळ्यांना मागे सारलं. "पोरं शिकलेली दिसतायत, हात लावू नका कुणी, मी फोन केलाय," एवढंच ते म्हणाले म्हणे, पण त्या वाक्याने ती रात्र निभावली. पोलीस आले, दोघांना स्टेशनला नेलं. पंचनामा, ड्रोन, रिमोट, तीन बॅटऱ्या आणि मेमरी कार्ड जप्त. भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा, म्हणजे सरकारी आदेश मोडल्याचा. साध्या प्रकारात सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जामीनपात्र आहे, त्यामुळे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची, म्हणजे बोलावलं की हजर राहायची, नोटीस देऊन रात्री अडीचला सोडलं.

एक गोष्ट मध्येच सांगतो कारण ती नंतर फार महत्त्वाची ठरली. स्टेशनला नेत असताना नितीन कानात सांगत होता की कार्ड फॉरमॅट मार, मोबाइलमधला ॲप उडव. सागरने नाही केलं. त्या कार्डावर आणि फ्लाइट लॉगमध्ये, म्हणजे ॲपमधल्या उड्डाणाच्या नोंदीत, सगळं होतं: साठ मीटर उंची, बंधाऱ्यावर आणि शेतावर फिरला, घरांवर एकदाही गेला नाही. गावातल्या बायकांची तक्रार होती की ड्रोन न्हाणीघरांवरून फिरला, आणि तसं झालं असतं तर प्रकरण २२३ वर थांबलंच नसतं. लॉग पुसला असता तर त्या आरोपाला त्याच्याकडे उत्तरच उरलं नसतं, वर पुरावा नष्ट केल्याचं लचांड मागे लागलं असतं ते वेगळं.

अडचण कुठे होती

रविवारी सकाळी सागरचा फोन आला तेव्हा त्याचं पहिलं वाक्य होतं, "दादा पण मॅपवर हिरवं होतं ना." मला त्या क्षणी उत्तर देता आलं नाही.

उत्तर असं आहे की मॅप फक्त एकाच प्रश्नाचं उत्तर देतो, विमान वाहतुकीच्या दृष्टीने हे आकाश मोकळं आहे का. पोलिसांना एखादी जागा तात्पुरती लाल करायची असेल तर ड्रोन नियमांतच सोय आहे, एसपी दर्जाच्या किंवा वरच्या अधिकाऱ्याने, एका वेळी जास्तीत जास्त ९६ तासांसाठी, आणि ते डिजिटल स्कायवर टाकावं लागतं. म्हणजे ती मॅपवर दिसायला हवी. पण जिल्हाधिकाऱ्यांचा १६३ चा आदेश हा वेगळ्या कायद्याखालचा, तो मॅपवर येत नाही. तो जिल्ह्याच्या वेबसाइटवर स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये असतो, पेपरात येतो, ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लागतो. सागरने आणखी एकदा मॅप बघितला असता तरी हिरवंच दिसलं असतं.

हेच गडांचं पण आहे. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांपैकी रायगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत, राजगड, साल्हेर, प्रतापगड, खांदेरी राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे. मॅपवर काहीही रंग असू दे, तिथे त्या त्या खात्याची परवानगी लागते. अभयारण्य असेल तर वन विभाग. आकाशाचा मालक एक आणि खालच्या जमिनीचा दुसराच, आणि आपण वर बघत चालतो.

दुसरी अडचण सागरची स्वतःची होती आणि ती मी लपवणार नाही. ड्रोनला नोंदणी नव्हती. बिल नाही, आधीच्या मालकाच्या नावावर नोंद नाही, त्यामुळे ट्रान्सफर करायलाच काही नाही. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे (संशोधन, संरक्षण वगैरे सोडून), त्यामुळे बाजारात असे बिनकागदाचे ड्रोन फिरत असतात. नोंदणीची फी १०० रुपये, पण कागदच नसतील तर शंभर रुपये घेऊन जाणार कुठे. ड्रोन नियम मोडल्याचा दंड एक लाखापर्यंत आहे, तो पोलीस स्टेशन लावत नाही, डीजीसीएच्या (केंद्राचं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) अधिकारात आहे आणि म्हणणं ऐकून घेऊनच लावता येतो. सुदैवाने तिकडून काही आलं नाही, पण टांगती तलवार होतीच.

कोणते पर्याय होते

वकील शोधला, तालुक्याच्या कोर्टातलाच. आम्ही पुण्याहून मोठा वकील नेणार होतो, सागरच्या वडिलांनी नको म्हटलं आणि ते बरोबरच निघालं, कारण स्थानिक वकिलाला सगळं स्टेशन ओळखत होतं.

पहिला पर्याय सगळ्यात सोपा: कोर्टात गुन्हा कबूल करायचा, हजार-दोन हजार दंड भरायचा आणि सुटायचं. निम्म्या लोकांनी हाच सल्ला दिला. नितीनने (त्याच्यावर पण गुन्हा होता) हाच घेतला, त्याला कुठली नोकरीची परीक्षा द्यायची नव्हती. पण सागरला तलाठी व्हायचं होतं. कबूल केलं की ती दोषसिद्धी होते, दंड पन्नास रुपये असला तरी, आणि सरकारी नोकरीत चारित्र्य पडताळणी होते तेव्हा साक्षांकन नमुन्यात, म्हणजे स्वतःची माहिती भरून द्यायच्या फॉर्ममध्ये, ते लिहावं लागतं. वकील म्हणाले, "दंड आज भरशील, पण हा कागद तीस वर्षं तुझ्या मागे फिरेल."

दुसरा, हायकोर्टात जाऊन गुन्हाच रद्द करून घ्यायचा. मुद्दा भक्कम होता. कलम २२३ च्या गुन्ह्याची दखल कोर्टाला पोलिसांच्या दोषारोपपत्रावरून घेता येत नाही, ज्या अधिकाऱ्याचा आदेश मोडला त्याची (किंवा त्याच्या वरिष्ठाची वगैरे) लेखी तक्रार लागते, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१५ मध्ये आहे, जुनं १९५. पण खर्च परवडणारा नव्हता, वडील एसटीत कंडक्टर.

तिसरा, तालुक्याच्या कोर्टातच थांबायचं, आधी मुद्देमाल सोडवायचा, आणि दोषारोपपत्र आलं की हाच २१५ चा मुद्दा तिथे मांडायचा. वेळ जाणार होता पण खर्च कमी.

चौथा पर्याय कायद्याचा नव्हताच, गावात जाऊन बोलायचं. यावर आमच्यात खूप वाद झाला. वकिलांना भीती होती की गावात काही बोललं आणि कुणी रेकॉर्ड केलं तर कबुली होईल. सागरचं म्हणणं होतं की मी त्या लोकांना घाबरवलंय, केस काय व्हायची ती होऊ दे, मला जाऊन सांगायचंय. मला वाटतं या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय तो होता आणि तो आमच्यातल्या कुणाचा नव्हता, त्याचा एकट्याचा होता.

काय केलं

तिसरा आणि चौथा असे दोन्ही.

सप्टेंबरमध्ये मुद्देमाल परत मिळायचा अर्ज केला. तिथे बिल आडवं आलं. मालकी कशी दाखवणार? यूपीआयची एंट्री, विकणाऱ्याशी झालेलं चॅट, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, ड्रोनवरचा सिरीयल नंबर आणि सागरच्या मोबाइल ॲपमधला तोच नंबर, आणि सागरचं प्रतिज्ञापत्र, एवढं जोडलं. पोलिसांचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, यायला वेळ लागला कारण मध्ये विधानसभेची निवडणूक आली, २० नोव्हेंबरला मतदान, सगळा स्टाफ बंदोबस्तात. डिसेंबरमध्ये ड्रोन सुपुर्दनाम्यावर मिळाला, अट अशी की निकालापर्यंत उडवायचा नाही, विकायचा नाही, मागितला की हजर करायचा. बॅटऱ्या चार महिने पडून फुगल्या होत्या, तीनही.

गावात आम्ही ऑक्टोबरमध्ये गेलो, वकिलांनी घालून दिलेल्या एका अटीवर, की त्या दिवसाच्या घटनेबद्दल काही लिहून द्यायचं नाही. सागर, त्याचे वडील, मी. आधी पोलीस पाटलांना फोन केला, त्यांनी सरपंचताईंना सांगितलं. ग्रामपंचायतीत वीस-पंचवीस माणसं होती. ड्रोन तर पोलिसांकडे होता, त्यामुळे दुसऱ्याच ठिकाणी काढलेले व्हिडिओ टीव्हीवर लावून दाखवले, साठ मीटरवरून माणूस केवढा दिसतो, घराच्या आतलं काही दिसत नाही, बॅटरी अर्ध्या तासात संपते, रात्री कॅमेऱ्यात नुसता अंधार येतो. एका आजोबांनी विचारलं की मग आमच्या वस्तीवर रोज रात्री फिरायचं ते कुणाचं होतं. आमच्याकडे उत्तर नव्हतं आणि आम्ही तसं सांगितलं. उगाच "ते विमान असेल, तारा असेल" असं म्हटलं असतं तर ती माणसं तिथेच उठून गेली असती.

सरपंचताई शेवटी म्हणाल्या, "अरे बाळा, सकाळी येऊन चहा घेतला असतास ना आमच्याकडे, तर पोरंच आली असती तुझ्याबरोबर बघायला." ज्याने कानफटात मारली होती तो पण होता, तो काही बोलला नाही, जाताना सागरच्या वडिलांना गाडीपर्यंत सोडायला आला.

निकाल

दोषारोपपत्र फेब्रुवारी २०२५ मध्ये आलं. अपेक्षेप्रमाणे सोबत जिल्हाधिकारी कार्यालयाची लेखी तक्रार नव्हती. वकिलांनी २१५ चा अर्ज दिला, सरकारी वकिलांनी वेळ मागितला, तीन-चार तारखा अशाच गेल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये कोर्टाने मान्य केलं की या दोषारोपपत्रावर दखल घेता येत नाही आणि कारवाई थांबली. सहा महिन्यांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात दखल घ्यायची मुदत एक वर्षाची असते, ती ऑगस्टमध्येच संपली होती, त्यामुळे नव्याने तक्रार येण्याची शक्यता वकिलांच्या मते जवळजवळ नाही.

पण हे नीट लक्षात घ्या की सागर सुटला तो लेखी तक्रार नव्हती या त्रुटीवर. तो निर्दोष होता, आदेश त्याला लागू नव्हता किंवा मॅप हिरवा होता म्हणून चालतं, असं कोर्टाने कुठेही म्हटलेलं नाही. तक्रार रीतसर असती तर निकाल उलटा लागू शकला असता. हा लेख वाचून कुणी "२१५ आहे की" म्हणून उडवायला जाऊ नये, हात जोडून सांगतो.

पैशाचा हिशोब: वकील, येण्या-जाण्याचं, प्रतिज्ञापत्रं, बॅटऱ्या धरून ड्रोनच्या किमतीपेक्षा जास्त गेले. आणि तेरा महिने अभ्यासाचं जे वाटोळं झालं ते वेगळंच, तारखेच्या आधीचे दोन-तीन दिवस त्याला पुस्तक उघडता यायचं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

याच्यावर आम्ही ग्रुपमध्ये तीन रविवार बसलो. सगळ्यांचं एकमत झालं अशातला भाग नाही.

माझ्या मते पहिली चूक ऑगस्टमधली नाही, मे महिन्यातली आहे. बिलाशिवाय ड्रोन घेतला तिथेच पुढचे अर्धे दरवाजे बंद झाले. नोंदणी असती तर पोलिसांसमोर एक नंबर ठेवता आला असता, आणि त्या वातावरणात "हा कोण, कुठला" या प्रश्नाला नंबर हे मोठं उत्तर असतं. मुद्देमाल पण महिन्याभरात सुटला असता.

दुसरी, वेळ. त्या पावसाळ्यात संध्याकाळी सात दहाला दिवे लावून ड्रोन वर पाठवणं. आमच्यातले काही म्हणतात उजेडासाठी जावंच लागतं. मला नाही पटत. दुपारी तीनला तोच ड्रोन त्याच बंधाऱ्यावर असता तर पोरं मोबाइल घेऊन धावत आली असती, काठ्या घेऊन नाही. आदेश तेव्हाही मोडलाच असता, पण गुन्हा दाखल होण्यापर्यंत गेलं असतं का याची मला शंका आहे.

तिसरी, आदेश शोधणं. आता आम्ही उडवायच्या आधी तीन गोष्टी करतो: मॅप उडवायच्या दिवशी परत बघणं, जिल्ह्याच्या वेबसाइटवर आदेश आणि सूचनांचं पान उघडणं, आणि ज्या पोलीस स्टेशनची हद्द आहे तिथे फोन करून ठाणे अंमलदारांना सरळ विचारणं की सध्या ड्रोनवर बंदीचा आदेश आहे का. फोनला कधी उत्तर मिळतं कधी "लेखी द्या" म्हणतात. लेखी द्या म्हटलं की आम्ही अर्ज देतो, आवक शिक्का घेतो, आणि उत्तर येईपर्यंत जात नाही. दोन सहली अशाच रद्द झाल्यात आणि लोक वैतागतात, मला माहितीये. गावात उडवायचं असेल तर पोलीस पाटील किंवा सरपंच यांना आदल्या दिवशी फोन, हा नियम मी स्वतः हट्टाने घालून घेतलाय.

एका मुद्द्यावर अजून वाद आहे. आमच्यातल्या दोघांचं म्हणणं की जागेवर थांबणं चूक होतं, जमावाने जास्त मारलं असतं तर? ही भीती खोटी नाही. पण सागर पळाला असता तर त्या गावासाठी तो चोरच ठरला असता आणि पुढच्या वेळी तिथे दिसणाऱ्या कुठल्याही अनोळखी पोराची खैर नव्हती. सागरला विचारलं तर तो म्हणतो की मी विचार वगैरे काही केला नाही, ड्रोन परत येत होता म्हणून थांबलो.

तलाठी भरतीचा फॉर्म येईल तेव्हा साक्षांकन नमुन्यात तो हा गुन्हा लिहिणार आहे, निकालाची सही-शिक्क्याची प्रत जोडून. वकिलांनी सांगितलंय की लपवणं हेच अपात्र ठरायचं कारण होऊ शकतं. ड्रोन खोक्यात आहे, मुद्देमालाचं लेबल अजून काढलेलं नाही. त्याची नोंदणी होईल असं वाटत नाही, त्यामुळे तो परत उडणार नाही असं सागरने ठरवलंय. बंधाऱ्याची ती सहा मिनिटं मात्र मेमरी कार्ड परत मिळाल्यावर त्याने पेनड्राइव्हवर घालून सरपंचताईंकडे पाठवली. बंधाऱ्याच्या दुरुस्तीच्या प्रस्तावाला त्यांना फोटो हवे होते, वरून काढलेले.